एडीए १२.६ : मेंदूज्वराच्या एका प्रौढ रुग्णाचे प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ४६ वर्षांचा शेतकरी, वजन ५८ किलो, मौदा-रामटेक पट्ट्यातल्या एका खेड्यात राहणारा. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. काळ ऑक्टोबरचा पहिला आठवडा. हलका धान कापणीला आलेला, म्हणून आजाराआधीचे दोन आठवडे तो रोज बांधीत उतरत होता आणि धुऱ्यावरचे गवत कापत होता.

आधी ताप आणि अंगदुखी, चौथ्या दिवसापासून डोके ठणकणे, सातव्या दिवसापासून उलट्या आणि असंबद्ध बोलणे. सहाव्या ते आठव्या दिवशी गावातच सेफ्ट्रियाक्झोनची तीन इंजेक्शने झाली, रोज १ ग्रॅम. मेंदूज्वरासाठी ही मात्रा अपुरी, पण कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) निगेटिव्ह करायला पुरेशी. नवव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास एक झटका आला आणि पावणेसातला नातेवाइकांनी त्याला नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात आणले.

ताप १०३ अंश, नाडी ११२, रक्तदाब १०४/६८, जीसीएस (शुद्धीचे गुण, पूर्ण शुद्धीत १५) १२, मान ताठ. हातापायांत कमजोरी नाही, डोळ्यांच्या हालचाली नीट. मधुमेह नाही, टीबीचा पूर्वेतिहास नाही, वजन घटलेले नाही, एचआयव्ही निगेटिव्ह.

पूर्व विदर्भात या महिन्यात ताप, झटका आणि ताठ मान असा प्रौढ रुग्ण आला की यादी लांब होते. अर्धवट उपचार झालेला जिवाणूजन्य मेंदूज्वर, टीबीचा मेंदूज्वर, हर्पिस, जपानी मेंदूज्वर, मेंदूचा मलेरिया आणि स्क्रब टायफस (गवतातल्या चिगर माइट या किड्याच्या चाव्यातून होणारा जिवाणूजन्य ताप). २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रबचे रुग्ण मोठ्या संख्येने आले, तेव्हापासून हे नाव इथल्या डॉक्टरांना नवे नाही. (नातेवाइकांनी चांदीपुराबद्दलही विचारले. तो विषाणू १९६५ साली नागपूर भागातल्याच रुग्णांच्या रक्तात सापडला, पण त्याचा मेंदूज्वर मुख्यतः १५ वर्षांखालच्या मुलांना होतो. ४६ वर्षांच्या माणसात तो यादीच्या तळाशी.)

पहिली रात्र

जीसीएस १२ आणि नुकताच झटका, म्हणून पाठीतले पाणी काढण्याआधी सीटी स्कॅन हवा होता. स्कॅनसाठी औषध थांबवायचे नाही हा पहिला निर्णय, आणि तो बरोबर ठरला. रक्ताच्या कल्चरचे दोन संच घेतले, लगेच डेक्सामेथासोन १० मिग्रॅ, त्यापाठोपाठ सेफ्ट्रियाक्झोन २ ग्रॅम, व्हँकोमायसिन आणि असायक्लोव्हिर ६०० मिग्रॅ (किलोमागे १० मिग्रॅ, दर ८ तासांनी). वय पन्नाशीच्या आत आणि प्रतिकारशक्ती शाबूत, म्हणून लिस्टेरियासाठी अँपिसिलिन दिले नाही. स्क्रबवरचे डॉक्सीसायक्लिन मात्र कोणाच्या लक्षात आले नाही.

स्कॅन स्वच्छ होता. पुढचा अडथळा संमतीचा. रुग्णाचा भाऊ म्हणाला, "साहेब, पाठीतलं पानी काढलं का मानूस लुळा पडते म्हनतेत जी." यावर सही मागण्याची घाई केली तर नकार पक्का. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी कागदावर मणक्याचे चित्र काढले. मज्जारज्जू कुठे संपतो, सुई त्याच्या किती खाली जाते, हे दाखवले. "भाऊ, सुई जिथं जाते तिथं फक्त पाणी आणि सुटे धागे असतात. धागे सुईच्या बाजूला सरकतात," हे वाक्य कामी आले. वीस मिनिटे गेली, पण दोन दिवसांनी दुसऱ्यांदा पाणी काढायची वेळ आली तेव्हा हीच वीस मिनिटे वसूल झाली.

प्लेटलेट ७२,००० होत्या. ५०,००० च्या वर असल्याने हरकत नव्हती. नऊ वाजून पाच मिनिटांनी सुई लागली. दाब २२ सेंमी, द्रव नितळ. आणि इथे पहिली चूक झाली. फक्त साडेपाच मिलि घेऊन सुई काढली. कमी काढले की सुरक्षित, अशी एक समजूत आहे. प्रौढ माणसात सीएसएफ, म्हणजे हे पाठीतले पाणी, एकूण १५० मिलिच्या आसपास असतो आणि तासाला साधारण २० मिलि नव्याने तयार होतो. म्हणजे १० मिलि काढले तर अर्ध्या तासात भरपाई. दाब वाढलेला नाही, स्कॅनमध्ये गाठ नाही, अशा रुग्णात साडेपाचवर थांबायला कारण नव्हते.

वाटणी अशी झाली. पेशींसाठी १ मिलि, प्रथिने आणि साखरेसाठी १, लॅक्टेटसाठी फ्लोराइडच्या राखाडी बुचाच्या नळीत १, कल्चर आणि जीनएक्सपर्ट अल्ट्रा (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) मिळून २, एडीएसाठी (टीबीच्या शंकेत मोजला जाणारा एक एन्झाइम) अर्धा. फ्रीजमध्ये राखून ठेवायला काहीच उरले नाही.

पेशींची नळी पंधरा मिनिटांत मोजायला गेली, हे चांगले झाले. खोलीच्या तापमानाला दोन तासांत न्यूट्रोफिल (जिवाणूसंसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळपास निम्मे फुटून जातात, आणि उशिरा मोजलेला जिवाणूजन्य द्रव कागदावर विषाणूजन्य दिसू लागतो. रक्तातली साखरही सुई लावण्याच्या आधीच घेतली होती. झटक्यानंतर सलाइन सुरू असलेल्या रुग्णात ही साखर दोन तासांनी घेतली तर गुणोत्तराला अर्थ उरत नाही.

रात्री साडेदहापर्यंत हाती आलेले आकडे: पेशी ११०, त्यांत ८८ टक्के लिम्फोसाइट. प्रथिने १२८ मिग्रॅ. साखर ५२, रक्तात ११८, गुणोत्तर ०.४४. ग्रॅम स्टेनमध्ये काही नाही. रक्तात पांढऱ्या पेशी ९,८००, यकृताचे एसजीओटी १८६ आणि एसजीपीटी १४२, सोडियम १२९, मूत्रपिंडाचे क्रिएटिनिन १.४, सीआरपी ९६, प्रोकॅल्सिटोनिन २.६ नॅनोग्रॅम.

आणि लॅक्टेट "२८".

वॉर्डच्या भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिले होते: लॅक्टेट ३.५ च्या वर म्हणजे जिवाणू. २८ हा आकडा पाहून अर्धा तास सगळ्यांची खात्री पटली की जिवाणूजन्य मेंदूज्वरच आहे. मग कोणीतरी रिपोर्टवरचे बारीक अक्षर वाचले. प्रयोगशाळा मिग्रॅ प्रति डेसिलिटरमध्ये आकडा देत होती, तक्ता मिलिमोलमध्ये होता. मिग्रॅला ९ ने भागायचे. २८ म्हणजे ३.१, उंबरठ्याच्या खाली.

प्रश्न

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लॅक्टेट, प्रोकॅल्सिटोनिन, एडीए आणि अल्ट्रा असे चार निर्देशक समोर आले आणि चौघांचा कल वेगळा होता. प्रत्येक निर्देशक नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे न विचारता त्याचा आकडा वाचला की गोंधळ होतो. इथे तेच झाले.

सीएसएफ लॅक्टेटचे काम जिवाणूजन्य आणि विषाणूजन्य मेंदूज्वर वेगळे करणे. उपचार न झालेल्या रुग्णात ते उत्तम करते. संवेदनशीलता ९० टक्क्यांच्या वर. पण आधी अँटिबायोटिक झाले असेल तर ती निम्म्यावर येते. म्हणजे या रुग्णात ३.१ हा आकडा जिवाणू "नाहीत" असे म्हणू शकत नव्हता. उलट बाजूनेही अडचण होती: झटक्यानंतर, मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्यावर, पक्षाघातात लॅक्टेट जंतूविनाही वाढते, आणि इथे झटक्याला चारच तास झाले होते. टीबीच्या मेंदूज्वरातही लॅक्टेट सहसा वाढलेले असते. नऊ दिवसांच्या आजारानंतर, झटक्यासह, फक्त ३.१ हे टीबीच्या थोडे विरोधात जाणारे होते. थोडेच.

प्रोकॅल्सिटोनिन हा रक्ताचा निर्देशक आहे. मेंदूज्वराची लक्षणे असलेल्या प्रौढात तो ०.५ च्या वर गेला की जिवाणूकडे बोट दाखवतो, आणि विषाणू व टीबीत सहसा खाली राहतो. पण बोट दाखवतो ते शरीरभरच्या जिवाणूसंसर्गाकडे. मेंदूच्या पडद्यापर्यंत त्याची नजर जात नाही. स्क्रब टायफसमध्ये तो वाढतो, तीव्र मलेरियात वाढतो, लेप्टोस्पायरोसिसमध्ये वाढतो, मूत्रपिंड थकले की उतरायला वेळ लावतो. विदर्भातल्या ऑक्टोबरमध्ये २.६ या आकड्याचा अर्थ "विषाणू एकटा नसावा" इतकाच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला प्लेटलेट, एसजीओटी आणि धानाची बांधी या तिघांची सांगड घातली गेली. स्क्रबची शंका लिहिली गेली, आयजीएम एलायझासाठी (ताज्या संसर्गाच्या प्रतिपिंडांची तपासणी) रक्त गेले आणि अकरा वाजता रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) डॉक्सीसायक्लिन २०० मिग्रॅ दिले. ग्रॅम स्टेन निगेटिव्ह, लिम्फोसाइटचे प्राबल्य, म्हणून डेक्सामेथासोन चार मात्रांवर थांबवले.

दुपारी साडेचारला बाहेरच्या प्रयोगशाळेतून रिपोर्ट आला: सीएसएफ एडीए १२.६ युनिट. प्रचलित उंबरठा १०. अल्ट्राचा निकाल त्याआधीच आला होता: निगेटिव्ह.

समोरचे पर्याय

फिजिशियनचे मत स्पष्ट होते: टीबीची औषधे आणि स्टेरॉइड आजच सुरू करा. मुद्दा हलका नव्हता. टीबीच्या मेंदूज्वरात उशीर जिवावर बेततो, निगेटिव्ह अल्ट्रा टीबी नाकारत नाही, आणि जीसीएस १२ म्हणजे आजार दुसऱ्या पायरीवर आलाच आहे. शिवाय २००२ साली व्हिएतनाममधल्या प्रौढ रुग्णांवरून केलेली गुणपद्धती मांडली तर तीही टीबीच म्हणत होती. वय ३६ च्या वर, २ गुण. आजार सहा दिवसांपेक्षा जुना, उणे ५. रक्तात पांढऱ्या पेशी १५,००० च्या आत, सीएसएफमध्ये ९०० च्या आत, न्यूट्रोफिल ७५ टक्क्यांच्या आत, तिन्हींचे शून्य. बेरीज उणे ३. ४ किंवा कमी म्हणजे टीबी.

न्यूरॉलॉजिस्टचा आक्षेप याच बेरजेवर होता. ती पद्धत टीबी की जिवाणू, या दोनच खान्यांत वाटणी करण्यासाठी बनली आहे. तिसरा आजार घेऊन गेलात तरी ती दोनांपैकी एक नाव देणारच, आणि दिवस जास्त झालेला लिम्फोसाइटवाला कोणताही आजार तिच्यात टीबी म्हणूनच बाहेर पडतो. २०१० च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार गुण मांडले, तर पाच दिवसांपेक्षा जास्त लक्षणांचे ४, शुद्ध हरपल्याचा १, सीएसएफचे जास्तीत जास्त ४, मेंदूच्या चित्रणाचे शून्य, एकूण ९. म्हणजे "शक्य टीबी", "संभाव्य टीबी" नव्हे. आणि त्या गुणतक्त्यात एडीएला जागाच नाही.

एडीएबद्दल दोन प्रश्न विचारायला हवे होते, ते प्रयोगशाळेला फोन करून विचारले गेले. नमुना किती वाजता तपासला? दुपारी चारला. म्हणजे १९ तासांनी. कुरिअर सकाळी अकराला आला, तोवर नळी नर्सिंग काउंटरवर खोलीच्या तापमानाला. पद्धत कोणती? जुनी रंगमापनाची, जी एन्झाइमने सोडलेला अमोनिया मोजते. नमुना पडून राहिला की त्यात अमोनिया आपोआप वाढतो. प्रत्येक नमुन्याचा स्वतंत्र ब्लँक (आधीपासूनच्या अमोनियाचे माप) लावला तर तो वजा होतो. इथे ब्लँक संपूर्ण बॅचसाठी एकच होता. त्याशिवाय एडीए हा काही टीबीच्या जंतूचा अंश नव्हे. तो चाळवलेल्या लिम्फोसाइटचा एन्झाइम आहे. जिवाणूजन्य मेंदूज्वर, क्रिप्टोकॉकस, ब्रुसेला, लिम्फोमा, सगळ्यांत वाढू शकतो. स्क्रबच्या मेंदूज्वरातही दहाच्या आसपास पोचतो. ३०-४० चा आकडा असता तर चर्चा वेगळी झाली असती. दहा ते पंधरा हा पट्टा सर्वात निसरडा.

अल्ट्राच्या निगेटिव्हलाही तसेच उलटतपासले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये टीबी मेंदूज्वरासाठी पहिली चाचणी म्हणून तिची शिफारस केली, कारण जुन्या एक्सपर्टला मिलिलिटरमागे शंभराच्या वर जंतू लागत, हिला सोळाच्या आसपास पुरतात. पण सीएसएफमध्ये जंतू मुळातच विरळ. ८ ते १० मिलि द्रव ३००० जी वर २० मिनिटे फिरवून खालचा गाळ लावायचा असतो. या रुग्णाचा जेमतेम १ मिलि न फिरवता लावला होता. असा निगेटिव्ह म्हणजे तपासणी न केल्यातच जमा.

दुसरा पर्याय चौदा रोगजंतूंच्या पीसीआर पॅनेलचा होता. खर्च पाच आकडी. नातेवाइक तयार होते, आणि अशा वेळी हो म्हणणे सोपे असते. पण त्या पॅनेलमध्ये टीबी नाही, स्क्रब नाही, जपानी मेंदूज्वरही नाही. इथला मुख्य वाद ज्या नावांवर होता, त्यांपैकी एकही नाव त्यात नसेल तर निगेटिव्ह रिपोर्टचे करायचे काय? हर्पिसचा वेगळा पीसीआर तेवढा पाठवला.  

तिसरा पर्याय सगळ्यांनाच सोयीचा वाटत होता: दोन्ही सुरू करा, टीबीचीही आणि डॉक्सीही. बहुतेक ठिकाणी असेच होते. इथेच न्यूरॉलॉजिस्टने काढलेला मुद्दा निर्णायक ठरला. रिफॅम्पिसिन स्क्रबच्या जंतूवरही चालते. उत्तर थायलंडमधल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते प्रभावी दिसले होते. म्हणजे रुग्णाला स्क्रब असेल आणि टीबीची औषधे सुरू केली, तर तिसऱ्या दिवशी ताप उतरेल, रुग्ण बोलू लागेल, आणि सगळे म्हणतील, बघा, टीबीच होता. मग ९ ते १२ महिने औषधे, तीही एसजीओटी आधीच १८६ असलेल्या यकृतावर. शिवाय रिफॅम्पिसिन डॉक्सीची रक्तातली पातळी खाली आणते. स्टेरॉइडने कोणत्याही कारणाचा मेंदूज्वर दोन दिवस बरा दिसतो, ती भर वेगळीच. औषधाला मिळालेला प्रतिसाद हाच पुरावा धरायचा असेल, तर तो पुरावा आपणच आधी गढूळ करून ठेवणे परवडत नाही.

केलेली कार्यवाही

संध्याकाळी साडेपाचला ठरले: टीबीची औषधे दुसऱ्या सकाळपर्यंत थांबवायची, डॉक्सी चालू ठेवायचे, त्याच रात्री एमआरआय, आणि सकाळी पुन्हा पाठीतले पाणी, या वेळी ९ ते १० मिलि. पण नुसते "थांबू" असे लिहिले नाही. न थांबण्याच्या अटी केसपेपरवर उतरवल्या: जीसीएस दोनने घसरला, डोळ्याची किंवा चेहऱ्याची नस गेली, एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी चकाकी किंवा पाणी साचलेले दिसले, किंवा अल्ट्रात "ट्रेस" जरी आला, तर कोणालाही न विचारता टीबीची औषधे आणि स्टेरॉइड त्याच तासाला सुरू. रात्रीच्या डॉक्टरला निर्णय घ्यावा लागणार नव्हता, फक्त अट तपासायची होती.

एमआरआयआधी अंगावरचा धातू काढायचा असतो. रुग्णाच्या कंबरेच्या करगोट्यात एक ताईत होता. नर्सने करगोटा कापला, आणि त्याच्याखाली, डाव्या कुशीवर, ८ मिमीचा काळा खपलीचा चट्टा दिसला. सिगारेटचा चटका बसावा तसा, भोवती लालसर कडा, दुखत नाही, खाजत नाही. दाखल करताना काखा आणि जांघा पाहिल्या होत्या. करगोटा मात्र भिडेपोटी कोणी सरकवला नव्हता. चिगर माइटची अळी कपडा किंवा दोरा जिथे अंगाला घट्ट बसतो तिथेच चावते, त्यामुळे करगोटा, नाडी, इलॅस्टिक या जागा आधी पाहायच्या. ओलसर घडीत काळी खपली धरतही नाही, पिवळट तळाची उथळ जखम दिसते आणि गळू समजून सोडली जाते.

एमआरआयमध्ये तळाशी चकाकी नव्हती, पाणी साचलेले नव्हते.

चट्टा सापडल्यावर प्रकरण सुटले असे वाटले, पण तिसऱ्या दिवशी सकाळी ताप १०२ वरच होता. स्क्रबचा ताप डॉक्सीने सहसा ४८ तासांत उतरतो, आणि इथे वीस तास झाले तरी हालचाल नव्हती. फिजिशियनने पुन्हा टीबीचा विषय काढला. त्याच वेळी रुग्णालयाच्या फार्मासिस्टने औषधांचा तक्ता वाचला. स्टेरॉइडसोबत पोटासाठी सुरू केलेले सुक्राल्फेट डेक्सा थांबल्यावरही चालूच होते, आणि डॉक्सीच्या दोन्ही मात्रा त्याच्याच बरोबर, त्याच नळीतून गेल्या होत्या. सुक्राल्फेटमधले अॅल्युमिनियम डॉक्सीला पोटातच बांधून ठेवते. औषध दिले होते, पोचले नव्हते. दहा वाजता शिरेतून डॉक्सी १०० मिग्रॅ सुरू झाले, दर १२ तासांनी. सोबत शिरेतून अझिथ्रोमायसिन; तीव्र स्क्रबमध्ये एकट्या औषधापेक्षा ही जोडी सरस असल्याचे भारतातल्या बहुकेंद्री चाचणीत २०२३ मध्ये दिसले आहे. ईसीजीवर क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातले अंतर, जे अझिथ्रोमायसिनने लांबू शकते) पाहून मगच.

अकरा वाजता दुसऱ्यांदा पाणी काढले, ९ मिलि. त्यांतले ६ मिलि फिरवून गाळ अल्ट्रा आणि एमजीआयटी कल्चरला (टीबीचे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी). एडीएचा नमुना बर्फावर, दोन तासांच्या आत, कायनेटिक पद्धतीने मोजणाऱ्या प्रयोगशाळेत. अर्धा मिलि फ्रीजमध्ये राखीव.

परिणाम

पेशी ९६, लिम्फोसाइट ९० टक्के. प्रथिने १२०. साखर ६१, रक्तात ११६, गुणोत्तर ०.५३. लॅक्टेट २० मिग्रॅ, म्हणजे २.२ मिलिमोल. एडीए ६.१. अल्ट्रा निगेटिव्ह, या वेळी खरा. पेशी आणि प्रथिने जवळपास तिथेच असताना लॅक्टेट उतरले, म्हणजे पहिल्या रात्रीच्या ३.१ मध्ये झटक्याचा वाटा होता. टीबीवर एकही औषध न देता साखर वर आणि लॅक्टेट खाली, हे टीबीच्या चालीचे नव्हते.

त्याच संध्याकाळी स्क्रब आयजीएम आला: ओडी (चाचणीतल्या रंगाची तीव्रता) १.९, उंबरठा ०.५. इथल्या भागात जुन्या संसर्गाचे आयजीएम काही महिने टिकते, त्यामुळे ०.६-०.७ अशा ओडीवर एकट्याने विसंबू नये, १.९ आणि खपली मिळून शंका राहिली नाही. पुढे खपलीचा पीसीआरही पॉझिटिव्ह आला. हर्पिस पीसीआर निगेटिव्ह. नमुना लक्षणांच्या पहिल्या ७२ तासांतला नव्हता, म्हणून या निगेटिव्हवर विश्वास ठेवता आला आणि असायक्लोव्हिर बंद झाले. जपानी मेंदूज्वराचे आयजीएम आणि क्रिप्टोकॉकल अँटिजेनही निगेटिव्ह. कल्चर ४८ तास स्वच्छ, म्हणून व्हँकोमायसिन बंद. तोवर क्रिएटिनिन १.४ वरून १.९ वर गेले होते. सर्वांवर छत्री धरण्याची ही किंमत.

शिरेतल्या डॉक्सीनंतर ३६ तासांनी ताप उतरला. पाचव्या दिवशी जीसीएस १५, प्रोकॅल्सिटोनिन ०.७, सेफ्ट्रियाक्झोन बंद. नवव्या दिवशी घरी, क्रिएटिनिन १.१.

सहा आठवड्यांनी एमजीआयटी कल्चर निगेटिव्ह म्हणून बंद झाले, आणि टीबीचा विषय खऱ्या अर्थाने तेव्हाच मिटला. रुग्णाला डाव्या कानाने कमी ऐकू येत होते. स्क्रबमध्ये हे दिसते, आणि विचारल्याशिवाय रुग्ण सांगत नाही. तीन महिन्यांनी ते बरेचसे सुधारले होते.

काय वेगळे करता आले असते

डॉक्सी पहिल्याच रात्री. ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये धानपट्ट्यातून आलेल्या मेंदूज्वराच्या प्रौढ रुग्णाला सेफ्ट्रियाक्झोनबरोबरच डॉक्सी जायला हवे, रिपोर्टची वाट न पाहता. सेफ्ट्रियाक्झोन स्क्रबच्या जंतूला शिवतही नाही. इथे सोळा तास उशिरा सुरू झाले आणि सुक्राल्फेटमुळे आणखी दिवसभर वाया गेले. रुग्ण याहून गंभीर असता तर हे दीड दिवस महागात पडले असते.

साडेपाच मिलिऐवजी दहा घेतले असते तर दुसरी सुई बहुधा टळली असती. पहिला एडीए खोटा का आला, याचा छडाही लागला असता. अमोनियामुळे वाढला की स्क्रबमुळे, हे राखीव नमुना नसल्याने सिद्ध करता आले नाही. ६.१ हा आकडा वेगळ्या पद्धतीचा आणि ३८ तासांनंतरचा, तो १२.६ शी थेट ताडता येत नाही. पद्धत बदलली की उंबरठाही बदलतो.

भिंतीवरच्या तक्त्यावर आता "३.५ मिलिमोल = ३१.५ मिग्रॅ" असे दोन्ही लिहिले आहे. पाणी काढण्याच्या फॉर्मवर चार ओळी वाढल्या: आधीचे अँटिबायोटिक कोणते आणि किती मात्रा, शेवटचा झटका किती वाजता, रक्तातली साखर किती वाजता, एडीएची नळी काउंटरवरून किती वाजता हलली. शेवटची ओळ बहुतेक वेळा रिकामीच परत येते.

फिजिशियन अजूनही म्हणतात की करगोट्याखाली चट्टा निघाला नसता, तर त्या संध्याकाळी त्यांनी टीबीची औषधे सुरू केली असती आणि ते चूक ठरले नसते. यावर एकमत झालेले नाही. अटी लिहिलेल्या होत्या आणि दर दोन तासांनी जीसीएस पाहायला माणूस होता, म्हणून एक रात्र थांबता आले. जिथे रात्री वीस खाटांमागे एकच नर्स असते, तिथे हाच रुग्ण असता तर न्यूरॉलॉजिस्टच्या मतेही औषधे सुरू करून मग दुसऱ्या पाण्यावर ती थांबवायची की नाही ते ठरवायला हवे होते. अशा वेळी रिफॅम्पिसिनच्या पहिल्या मात्रेआधीच दुसरा नमुना घ्यावा लागतो, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.